किंजळीखालची माती

"साहेब, त्या अंगाला नगा खणू."

मी घळीच्या काठावर गुडघे टेकून बसलो होतो आणि मातीचे थर नीट दिसावेत म्हणून खुरप्यानं काठ उभा तासत होतो. मान वर केली, तर डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली एक बाई समोर उभी. पस्तिशीच्या आतबाहेरची. चढण चढून धाप लागली होती, तरी पाटी खाली ठेवत नव्हती.

"का हो? जनावर आहे का तिथं?"

"न्हाई. किंजळीच्या बुडाला तेवढं सोडा. बाकी कुटंबी खणा."

एवढं बोलून ती झाडाकडे गेली, पाटी उतरवली आणि वाकून एकेक दगड काठाला लावायला लागली. तिची लावायची रीत पाहून मी खुरपं खाली ठेवलं. मोठा दगड खाली, त्याच्या बेचक्यात लहान, वर मातीचं ढेकूळ आणि त्यात रोवलेली वाळ्याची जुडी. असे थर एकावर एक चढत आले होते. खालचे दगड शेवाळून काळे पडले होते. हे एका उन्हाळ्याचं काम नव्हतं.

मी तेव्हा मृदसंधारण खात्यात नवा होतो. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. घळींची पाहणी करायची, मातीचे नमुने काढायचे, घळ किती खोल आहे, शेतात किती वर सरकते आहे ते पाहायचं. मग मागून डोझर येऊन काठ पाडणार आणि उताराला पायऱ्या करणार, असं आमचं काम. कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अलीकडे खांदेवाडी नावाचं गाव होतं. मे महिना लागला होता आणि पावसाच्या आत सगळं उरकायचं होतं.

मी मूळचा परभणीकडचा, काळ्या रानात वाढलेला. आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकतो. खांदेवाडीची माती मला परकी वाटायची. विटकरी लाल, हातात घेतली की बोटं रंगवणारी. वर जांभ्याचा थर, टिकाव मारला की हाताला झिणझिण्या याव्यात इतका कठीण. आणि त्याच्याखाली पिवळसर पांढरी, साबणाच्या वडीसारखी मऊ माती. पावसाचं पाणी फटींतून झिरपत खाली जायचं, ही मऊ माती पोखरून बाहेर काढायचं, आणि आधार सुटला की वरचा थर धाडकन कोसळायचा. अशी ती घळ दर पावसाळ्यात शेतात वर वर येत होती. आता किंजळीच्या झाडापासून तिचं तोंड जेमतेम दोन हातांवर राहिलं होतं.

शेत निंगाप्पाचं होतं. दगड लावणारी बाई त्याची बायको, यल्लूबाई. दुपारी निंगाप्पा माझ्यासाठी भाकरी आणि दही घेऊन आला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. डोझर मिळावा म्हणून त्यानं तालुक्याला किती खेटे घातले ते मला आमच्या कचेरीतच कळलं होतं.

"तुमच्या मंडळींनी काठ छान बांधलाय," मी जेवताजेवता म्हणालो. "पण टिकणार नाही. पाणी खालून पोखरतंय. वर दगड लावून काय उपयोग?"

"ठावं हाय."

"मग त्यांना सांगत का नाही?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मीबी लावतोय की दगड. दोगं मिळून लावतोय. दर उन्हाळ्याला." मग एकदम विचारलं, "डोझर कवा येतोय?"

"दोन-तीन दिवसांत."

"झाड जाईल?"

"झाडासकट तो काठ पाडावा लागेल. त्याशिवाय उतार मिळत नाही."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "एकदाचं सपाट हुंद्या, साहेब." आणि दह्याचं रिकामं भांडं घेऊन निघून गेला.

माझा मुक्काम शाळेच्या खोलीत होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर यल्लूबाई तिथं आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं. तिनं तांब्या हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"झाडाच्या वरल्या अंगाला तुमी डोझरची खुंटी मारलीया," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे झाड जाणार."

"जाणार. पण शेत वाचेल, यल्लूबाई. नाहीतर आणखी पाच-सहा पावसाळ्यांत घळ तुमच्या घरापर्यंत येईल."

"ते मला कळतंय. डोझर थांबवा म्हणाय मी न्हाई आले." तिनं तांब्या खाली ठेवला. "साहेब, तितं माझी लेक हाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मी वेड्यासारखं घळीच्या दिशेनं पाहिलं.

"बारशाच्या आदीच गेली," ती म्हणाली. "आखाडाचा महिना. मला ताप चढलेला. तोंड बघितलं हुतं तिचं, चांगलं बघितलं हुतं, पर न्हेताना न्हाई बघितलं. मला तालुक्याच्या दवाखान्यात न्हेलं, तितनं भावानं म्हायेराला न्हेलं. दिवाळीला परत आले तवा मालकांनी जागा दावली. किंजळीच्या बुडाला. तवा घळ लई खाली हुती, पार त्या जांभळीच्या तिकडं. मग वर यायला लागली."

तिच्या आवाजात रडं नव्हतं. बाजाराला जाऊन आल्यावर भाव सांगावा तसं ती सांगत होती.

"पुन्यांदा मूल न्हाई झालं. मग मी तितं बसायची. भाकरी तितंच खायची. गुरं चारताना तितंच. ती असती तर आता न्हातीधुती झाली असती." ती थांबली. "तिला हलवायची हाय, साहेब. वर घराकडं. तुमी मातीतलं शिकलेलं. मला खरं सांगा, काय घावंल?"

खरं काय ते मला माहीत होतं आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. पण तिनं खरं सांगा म्हटलं होतं.

"या मातीत काही राहत नाही, यल्लूबाई. इथं पाऊस फार. मातीतला चुना सगळा धुऊन जातो आणि लाल माती आंबट होते. अशा मातीत मोठ्या माणसाची हाडंसुद्धा विरतात. ती तर इतकी लहान होती."

"समदीकडंच असं हुतं?"

"नाही. आमच्याकडच्या काळ्या मातीत चुना असतो. गावात विहीर खणताना कधीकाळच्या बैलांची हाडं निघाली होती. पांढरीशुभ्र, काल पुरल्यासारखी."

"बरं हाय तुमच्याकडं," ती म्हणाली.

ती उठायला लागली. पायरीला हात टेकून, म्हातारीसारखी. मला ते बघवेना.

"थांबा. हाडं मिळणार नाहीत, पण जागा मिळेल," मी म्हणालो. "नेमकी जागा. माती एकदा खणली की तिचे थर मोडतात. वरची काळसर माती खाली जाते, खालची पिवळी वर येते. खड्डा पुन्हा भरला तरी ते थर परत जुळत नाहीत. शंभर वर्षांनीसुद्धा नाही. काठ नीट तासला तर इथून इथवर खड्डा होता, असं मी बोट ठेवून दाखवू शकतो. तेवढी माती आपण उचलू. तिचं जे काही होतं ते त्याच मातीत असणार."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तीच माती? दुसरी न्हाई येणार त्यात?"

"तीच."

"मग उद्याच करू," ती म्हणाली, आणि ठेवलेलं पाणी उचलून एका दमात प्यायली.

सकाळी घळीकडे निघालो तर वाटेत निंगाप्पा उभा. माझीच वाट बघत असावा.

"साहेब, ती म्हंती तुमी जागा वळखणार."

"हो."

"तितं झाडाची मुळं हाईत. उंदरांची बिळं हाईत. खेकडी पोखरत्यात. घोटाळा हुईल."

"बिळं वेगळी दिसतात. काळजी करू नका, नीट हळूहळू काढू."

"न्हाई घावलं म्हणून सांगा की तिला. उगा कशाला उकरायचं?"

मला वाटलं, बाप आहे, त्याला बघवणार नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "निंगाप्पा, तुम्ही हवं तर लांब बसा. पण त्यांची इच्छा आहे, होऊ द्या."

त्यानं माझा हात काढला नाही. मागोमाग आला.

यल्लूबाई आधीच पोचली होती. तिनं डोक्यावरून अंघोळ केली होती, केस ओले होते. सोबत एक कोरं मडकं, नवं पांढरं फडकं आणि पुडीत हळदकुंकू. घराशेजारी, चिक्कूच्या झाडापाशी तिनं पहाटेच खड्डा काढून ठेवला होता; येताना मला तो दिसला होता. चांगला गुडघाभर खोल, कडा सारख्या केलेल्या.

पहिल्यांदा तिचा बांध काढावा लागला. तिनं आम्हाला दगड फेकू दिले नाहीत. एकेक हातात घेऊन ती बाजूला रचत होती, आणि निंगाप्पा खालून तिला दगड देत होता. दोघांचे हात इतके सरावलेले होते की एकमेकांकडे न बघता काम चाललं होतं. तो दगड वर करी त्याच क्षणी तिचा हात खाली येई. वाळ्याच्या जुड्या तिनं मुळांना माती ठेवून काढल्या. घराकडे पुन्हा लावणार होती.

काठ मोकळा झाल्यावर मी तासायला बसलो. वर वीतभर काळसर माती, पानं कुजून झालेली. तिच्याखाली लाल, बारीक खडे असलेली. मग हळूहळू पिवळे ठिपके यायला लागतात आणि खाली ती मऊ पिवळसर पांढरी माती. मी झाडाच्या डाव्या अंगानं सुरुवात केली आणि उजवीकडे सरकत गेलो. काळसर थराची खालची रेघ दोरी ताणून मारल्यासारखी सरळ होती. कुठं मोडत नव्हती.

आणखी हातभर आत तासलं. पुन्हा तीच रेघ.

झाडाच्या बुडाशी गेलो. मुळं टाळून, खुरपं सोडून चाकूनं खरवडलं. खड्यांची ओळ जशीच्या तशी होती. एक खडा इकडचा तिकडे झालेला नव्हता. दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं. मग मागून पाहिलं.

ऊन डोक्यावर आलं तोवर माझी खात्री झाली होती. त्या किंजळीच्या भोवती कुणी कधी खड्डा खणलाच नव्हता. झाड उगवायच्या आधीपासून ती माती जशी होती तशीच होती.

मी मान वळवून निंगाप्पाकडे पाहिलं. तो घळीत उभा होता, दोन्ही हातांत एक दगड धरून. तो माझ्याकडेच बघत होता. मला सगळं कळलं नाही, पण त्याला ठाऊक आहे एवढं कळलं.

"घावलं?" यल्लूबाईनं विचारलं. ती माझ्या पाठीशी फडकं पसरून बसली होती.

माझ्यासमोर काठात, एक जुनं मूळ कुजून गेलेल्या जागी, काळसर मातीची लहानशी खळगी होती. ओंजळभर. बघणाऱ्याला वाटलं असतं, हीच. तिला त्यातलं काय कळणार होतं? माझा हात त्या खळगीकडे गेला. बोट टेकलंसुद्धा.

"हे..." मी म्हणालो.

"न्हाई साहेब," निंगाप्पा खालून म्हणाला. "नगा. आता आनकी नगा."

यल्लूबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"काय नगा?"

त्यानं दगड खाली ठेवला. वर चढून आला नाही, तिथूनच बोलला.

"ती हितं न्हाई, यल्लू."

"मग?"

"त्या दिशी पाऊस लई हुता. मी आन भावकीतला तुक्या, दोगंच. वर टिकाव लागंना, समदा जांभा. पाऊस तोंडावर मारतोय आन हातात ती. तुक्या म्हणाला, खाली घळीच्या कडंला मऊ हाय. मऊ हुतं. दोन फावड्यांत खड्डा झाला. वर धोंडं ठेवलं, चांगलं मोठं ठेवलं." तो थांबला. त्याचा श्वास मला वरपर्यंत ऐकू येत होता. "मग ती झड लागली बग, तू दवाखान्यात हुतीस तवा. पाऊस थांबल्यावर मी आलो तर काठच न्हाई. धोंडं न्हाईत, जागा न्हाई, कायच न्हाई. मी पार वड्यापातूर हुडकत गेलो. दोन-तीन दिस हुडकलं."

मऊ माती. मी सकाळपासून तिच्यासमोर बसलो होतो. खणायला सर्वांत सोपी आणि पाण्याबरोबर सर्वांत आधी जाणारी. पावसात हातात लेकरू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगणार होतं?

यल्लूबाई हलली नाही. पांढऱ्या फडक्यावर तिचा हात तसाच होता.

"दिवाळीला मी इचारलं," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमी हितं आणलं. तुमीच पयला धोंडा ठेवला. मी ठेवते म्हणाले तर तुमी म्हणाला, वली बाळंतीण हायस, वाकू नगं."

"व्हय."

"एवडी वर्सं माज्यासंगं धोंडं उचललं."

"व्हय."

"एकदा तरी सांगायचं."

निंगाप्पा रडत होता. तोंड वेडंवाकडं न होता, नुसतं पाणी गालांवरून खाली येत होतं. "सांगितलं असतं तर तू कुटं बसली असतीस?" तो म्हणाला.

मी चाकू पुसला, पुन्हा पुसला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठणं बरं दिसलं नसतं.

मग तिनं फडक्याची घडी केली, मडक्यात ठेवली आणि मला विचारलं, "साहेब, हितली माती जाती कुटं?"

"ओढ्याला."

"तितनं?"

"खाली नदीला. मोठी रेती आधी बसते. बारीक माती पाण्यासोबत लांब जाते. नदी वळण घेते, पाणी पसरतं, तिथं ती गाळ होऊन बसते."

"तुमी जागा बघितलीया?"

"बघितली आहे. पलीकडच्या गावाच्या मळीत, नदीकाठच्या गाळाच्या रानात."

"मला दावा."

"चालत लांब पडेल. मी जीप मागवतो, उद्या..."

"चालत जाऊ," ती म्हणाली.

आम्ही ओढ्याच्या पात्रातूनच गेलो. उन्हाळ्यानं ओढा कोरडा होता. ती पुढे, मडकं काखेत. मी मध्ये. निंगाप्पा मागे, बऱ्याच अंतरावर. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. ती पात्रातल्या वाळूकडे, दगडांकडे बघत चालत होती. एका वळणावर खाली बसली, मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली आणि मला विचारलं, "हे न्हाई ना?"

"नाही. हे जड. ते पुढं गेलं असणार."

ती पुढे निघाली.

नदीकाठची मळी सपाट आणि रुंद होती. तिथं माती वेगळीच होती. तपकिरी, लोण्यासारखी, खड्याचं नाव नाही. उन्हाळी भुईमूग गुडघ्याला लागत होता. एवढी हिरवी जमीन आम्ही दिवसभरात पाहिली नव्हती. कडेला नदीनं काठ थोडा कापला होता. त्यात पुरांचे पट्टे एकावर एक दिसत होते. एक लालसर, एक करडा, मध्येच एक काळा, पुन्हा लालसर.

"हे लाल आपलं," मी म्हणालो. "करडं दुसऱ्या ओढ्याचं. प्रत्येक मोठ्या पुराचा एक पट्टा."

"त्या सालचा कंचा?"

मी काठाजवळ गेलो, पाहिलं, मोजून बघायचा प्रयत्न केला. काही पुरांनी गाळ टाकला होता, काहींनी आधीचा नेला होता. मला नाही सांगता आलं. काल व्हरांड्यात इतक्या खात्रीनं बोललो होतो, म्हणून आज आणखी लाज वाटली.

"नाही कळत, यल्लूबाई. खरंच नाही कळत. ती इथं असेलच असंही नाही. पुढं धरणातही..."

"बरं," ती म्हणाली.

तिनं मडकं खाली ठेवलं, काठाशी गेली आणि पंजा उघडून वरच्या पट्ट्यावर ठेवला. मग हात सावकाश खाली आणला, सगळ्या पट्ट्यांवरून, वाकत वाकत, अगदी खाली पाण्याच्या ओलीपर्यंत. मग परत वर गेली आणि थोडं बाजूला होऊन पुन्हा तसंच. तापलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवतात, तसं. मी दुसरीकडे पाहायला लागलो. निंगाप्पा बांधावर उकिडवा बसला होता. तो काठापर्यंत आला नाही.

शेतातून एक बाई खुरपं घेऊन आली. ठेंगणी, हसऱ्या तोंडाची, पदर खोचलेला.

"काय हरवलंय व्हय ताई?"

"न्हाई," यल्लूबाई उभी राहिली. हात मातीनं भरले होते. "आमी वरल्या खांदेवाडीचं. आमच्या रानाची माती हितं येती म्हणं. बगाय आलो."

ती बाई खळखळून हसली. "येती की! लई येती. तुमच्या जिवावर पिकतंय आमचं. न्हेत असशीला तर न्हेवा पाटीभर, आमी न्हाई आडवत."

यल्लूबाईनं भुईमुगाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही.

"नगं," ती म्हणाली. "हितं बरं हाय. पिकात हाय."

त्या बाईनं भुईमुगाचं एक झाड उपटून तिच्या हातात दिलं, शेंगांसकट, मातीसकट. "घरी न्हेऊन उकडा. ग्वाड लागत्यात." यल्लूबाईनं ते दोन्ही हातांनी घेतलं. परतीच्या सगळ्या चढणीला तिनं ते झाड छातीशी धरलं होतं. मडकं नदीकाठीच राहिलं. ते निंगाप्पानं उचलून आणलं.

डोझर आला. किंजळ पडली. घळीचे काठ पाडून पायऱ्या झाल्या, आमच्या खात्याच्या दृष्टीनं उत्तम काम झालं. त्या दिवसांत यल्लूबाई रानात दिसली नाही.

पावसाळ्यानंतर मी काम तपासायला पुन्हा गेलो. पायऱ्या टिकल्या होत्या, सगळ्यांत खालच्या पायरीवर नाचणी उभी होती. घराशेजारचा तो खड्डा बुजवलेला होता. निंगाप्पा अंगणात एकटाच होता. थकला होता. मी यल्लूबाईंची चौकशी केली.

"खाली मळीत जाती," तो म्हणाला. "त्या बाईच्या रानात. खुरपायला, भांगलायला, काढणीला. लांब पडतंय, पाय सुजत्यात. पर रोज जाती."

"तुम्हीही जाता?"

"मला न्हाई न्हेत."

"काही बोलल्या का तुम्हाला? त्या दिवसानंतर?"

"भाकरी वाढती. गुरांचं बगती. समदं करती." तो अंगणातल्या मातीकडे पाहत होता. "राग न्हाई केला तिनं, साहेब. केला असता तर बरं झालं असतं."

सूर्य कलल्यावर तो उठला आणि वाटेच्या वळणावर जाऊन उभा राहिला. मीही जायला निघालो होतो म्हणून त्याच्याबरोबर तिथवर गेलो. खालून बायका वर येत होत्या, डोक्यावर गवताचे भारे घेऊन, आपसांत बोलत. यल्लूबाई सगळ्यांत मागे होती. पायांना पोटऱ्यांपर्यंत तपकिरी गाळ लागून वाळला होता. मला ओळखून तिनं मान हलवली.

निंगाप्पानं पुढे होऊन तिच्या डोक्यावरचा भारा घेतला. तिनं घेऊ दिला. मग ती पुढे निघाली, आणि तो तिच्या मागोमाग, त्या दिवसाइतकंच अंतर ठेवून, चढ चढायला लागला.